जोडाजवळचे आखूड पाऊल

चीनच्या लढाईनंतरच्या हिवाळ्यात आमच्या गावाने ठरवले, की यंदा सव्वीस जानेवारीला हायस्कूलच्या मैदानावर माजी सैनिकांचे संचलन काढायचे. तोवर सव्वीस जानेवारी म्हणजे झेंडा, हेडमास्तरांचे भाषण आणि मुलांना लिमलेटच्या गोळ्या, एवढेच असे. पण त्या हिवाळ्यात गावातल्या बायकांनी संरक्षण निधीला अंगावरचे दागिने दिले होते आणि पेपर आला की पानठेल्यावरचे लोक आधी नकाशा शोधत. फौजेत जाऊन आलेली माणसे आपल्याच गावात आहेत आणि ती रोज आपल्यासमोर चहा पितात, हे गावाच्या तेव्हा एकदम ध्यानात आले.

गाव मुख्य लाइनीवरचे, नांदुरा आणि मलकापूर यांच्या पट्ट्यातले. स्टेशन लहान, पॅसेंजर थांबे, बाकीच्या गाड्या धूळ उडवून जात. मी ग्रामपंचायतीत कारकून होतो आणि नागपूरच्या एका दैनिकाला बातम्या पाठवत असे. पुढे त्याच दैनिकात टेबलावर बसलो. तिथे लागलेली एक सवय सुटली नाही: पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे ठेवायचे. इथेही ते वेगळे ठेवले आहे.

संचलन बसवण्याचे काम हवालदारांकडे आले. ते पायदळातून निवृत्त होऊन हायस्कुलात पी.टी. शिकवत. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यांनी महायुद्ध काढले होते. उन्हाळ्यातही त्यांच्या बुटांना पॉलिश असे. त्यांनी गावातली आणि आसपासच्या वाड्यांतली माणसे गोळा केली. ज्याने बंदूक खांद्यावर घेऊन नोकरी केली तो माजी सैनिक, अशी त्यांची व्याख्या होती आणि तिला कोणी हरकत घेतली नाही. त्या व्याख्येत रेल्वेचा मुकादम बसत नव्हता.

हा मुकादम आमच्या स्टेशनाच्या अलीकडच्या गँगवर होता. रुळांखाली गिट्टी दाबणे, रूळ पकडून ठेवणाऱ्या सैल चाव्या ठोकणे, झिजलेला रूळ बदलणे, ही त्याच्या माणसांची कामे. महायुद्धात सरकारने रेल्वेच्या कामासाठी फौजी कंपन्या उभ्या केल्या होत्या. त्यांत रेल्वेतली माणसे घेतली, बाहेरचीही घेतली. कपडे खाकी, हुद्दे फौजेचे, शिस्त फौजेची. हातात मात्र बंदुकीपेक्षा पहार जास्त. मुकादम तेव्हा साधा गँगमन होता. त्याची कंपनी बोटीने बसऱ्याला उतरली आणि पुढे इराकच्या वाळवंटात रूळ टाकत गेली. लढाई संपल्यावर तो परत आला तो पुन्हा त्याच लाइनीवर कामाला लागला. एक पदक मिळाले होते, ते ट्रंकेत होते. खाकी कोट बायकोने उसवून वाकळीत घातला होता.

बायकोने तो कोट वाकळीत घातला याला कारण होते. आपला नवरा फौजेत होता, यावर तिचा विश्वास नव्हता.

ती सोनाळ्याची. तिच्या माहेरचे दोघे-तिघे खरोखरीच्या पलटणीत होते. ते सुटीवर येत तेव्हा मिशा, लोखंडी ट्रंक, काळे बूट आणि गोळीबाराच्या गोष्टी घेऊन येत. हिचा नवरा आला तो उन्हाने काळा पडून, आणि विचारले तर सांगे की आम्ही रूळ टाकले. रूळ तर तो जाण्याआधीही टाकत होता. त्यात गावातल्या एकाने त्या काळात त्याला भुसावळच्या प्लॅटफॉर्मावर केळी घेताना पाहिले होते. ते खरे होते. कंपनी मुंबईकडे जाताना गाडी तिथे थांबली होती. पण गावाने त्या केळ्यांमागे भुसावळला एक घर उभे केले, घरात एक बाई बसवली, आणि ही कथा मुकादमाच्या बायकोच्या कानावर गेली. तिला ती पुरती खरी वाटली नाही, पुरती खोटीही वाटली नाही. ती भांडली नाही. चारचौघींत विषय निघाला की एवढेच म्हणे, "आमचे हे भुसावळच्या फौजेत होते." बाया हसत. पदक दाखवले तर म्हणे, असले बिल्ले नांदुऱ्याच्या बाजारात पैशाला दोन भेटतात.

हे वर्षानुवर्षे चालले होते आणि त्यात वैर नव्हते. संसार नीट झाला होता, लेक चांगल्या घरी दिली होती, नात हायस्कुलात शिकायला यांच्याकडेच होती. पण मुकादमाला ते लागत असे, हे त्याच्याशी ज्यांचे बोलणे होते त्या सगळ्यांना ठाऊक होते. संचलनाची दवंडी झाली त्याच संध्याकाळी तो हवालदारांच्या घरी गेला. मी तिथे कार्यक्रमाचा कागद घेऊन बसलो होतो.

हवालदारांनी त्याला खाट दिली, चहा सांगितला आणि नम्रपणे नकार दिला. रेल्वेचे काम मोठे आहे, ते नसते तर पलटणी पोचल्याच नसत्या, असे म्हणाले. पण ही परेड फौजेची आहे.

"मंग मी ज्याच्यात होतो, थे काय होतं हवालदार सायेब?" मुकादम म्हणाला. "बरात होती काय?"

हवालदारांनी मिशीवरून बोट फिरवले. मग त्यांनी विचारले, की परेडचा इतका आग्रह कशासाठी. मुकादमाने आढेवेढे घेतले नाहीत. बायकोने एकदा तरी फौजेच्या रांगेत चालताना पाहावे, एवढेच त्याला पाहिजे होते. "तिले बंदूक दाखवता येत नाही मले. रांग तं दाखवता येते."

हवालदार स्वतः संसारी होते. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर यायला सांगितले.

मैदानावर जे झाले ते मी रोज पाहिले, कारण ग्रामपंचायतीचा रस्ता तिथूनच होता. माजी सैनिक तिनाच्या रांगांत चालत. सगळे उतारवयाचे; कोणाचे पोट सुटलेले, कोणाच्या गुडघ्यात वात. पण हवालदारांनी हाक दिली की पाय आपोआप पडत. मुकादम मधल्या रांगेत होता. तो सुरुवातीला बरोबर चाले आणि काही पावलांनंतर त्याचा पाय आखूड पडे. एकच पाऊल. पुढच्या पावलाला तो पुन्हा सावरे, नीट चाले, आणि तेवढेच अंतर गेले की पुन्हा तसेच. मागचा माणूस त्याच्या टाचेवर चढे आणि त्याच्यामागचे सगळे एकमेकांवर येत. हवालदारांनी त्याला पुढे घेतले, मागे घेतले, कडेला घेतले. मोठ्याने एक-दो म्हणत ते स्वतः त्याच्या बाजूने चालले. पाऊल आपल्या जागी आखूड पडतच राहिले.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी हवालदारांनी त्याला बाजूला घेतले आणि हळू आवाजात विचारले, "मुकादम, सकाऊनच घेता काय थोडी?"

मुकादमाने गळ्यातली तुळशीची माळ बाहेर काढून दाखवली. हवालदारांनी माफी मागितली, पण रांग बिघडत होती हे खरेच होते. बाकीचे कुरकुरू लागले होते. एक निवृत्त नायक म्हणाला, की पाहुण्यांसमोर आपण तोंडावर पडू. शेवटी हवालदारांनी मुकादमाला सांगितले, की तुम्ही पाहुण्यांच्या बाजूला खुर्चीवर बसा, पदक लावून, मान तोच.

खुर्चीवर बसलेला माणूस फौजेत होता हे सिद्ध होत नाही. मुकादमाने हात जोडले आणि कामावर गेला. दुपारपर्यंत बातमी त्याच्या घरी पोचली. माझी आई त्यांच्या क्वार्टरच्या विहिरीवर पाणी भरायला जाई, तिने तिथे ऐकले ते असे, की मुकादमाची बायको घागर घासता घासता म्हणाली, "खऱ्या फौजेनं वळखलं व बाई. पाच दिवसांत काढून टाकलं."

यानंतरचा भाग ढोलाचा आहे.

आमच्या हायस्कुलाचा ढोल फाटला होता. लाइनीने पुढे गेले की लागणाऱ्या गावच्या शाळेत मोठा ढोल होता आणि तो त्यांनी द्यायचे कबूल केले होते. सडकेने ते गाव लांब पडे. लोक रुळाच्या कडेने जात. ढोल आणायला हवालदार गेले आणि दुसरे टोक धरायला मी. जाताना काही झाले नाही. येताना बांबूला ढोल बांधून एक टोक त्यांच्या खांद्यावर, एक माझ्या. नाल्याच्या पुलाअलीकडे कडेची वाट संपते आणि थोडे अंतर रुळांच्या मधूनच, लाकडी स्लीपरांवर पाय देत जावे लागते. तिथेच मुकादमाची गँग काम करत होती. कोणती गाडी केव्हा येते ते त्याला माहीत. तो आम्हाला पलीकडे सोडायला पुढे चालू लागला.

हवालदार अडखळले. बूट नवे आहेत, म्हणाले. थोडे पुढे जाऊन मी अडखळलो आणि ढोल गिट्टीवर आपटता आपटता राहिला. मग पुन्हा हवालदार. गँगची माणसे पहारी टेकून पाहत होती आणि त्यांच्यातला एक जण म्हणाला, की ढोलाचं लगीन लावून आणलं काय, नवरदेव चालत नाही. हवालदार थांबले. त्यांनी खाली पाहिले. नंतर पुढे चाललेल्या मुकादमाच्या पायांकडे पाहिले. तो पाय कुठे पडतो ते न बघता, मान थोडी वाकवून, बाजारात चालावे तसा चालला होता, आणि आम्ही जिथे जिथे अडखळलो होतो तिथे तिथे त्याचे पाऊल आखूड पडत होते.

कारण साधे होते आणि मुकादमाने ते आम्हाला दोन वाक्यांत सांगितले. दोन रूळ जिथे एकमेकांना मिळतात तो जोड. गाडीचा दणका जोडावर जास्त बसतो, म्हणून तिथले स्लीपर जवळ जवळ टाकतात, बाकीचे ऐसपैस. जन्मभर स्लीपरांवरून चालणाऱ्याला हे अंतर पाहावे लागत नाही. ते पायात असते. मैदानावर स्लीपर नव्हते, पण पाय मैदान ओळखत नव्हते. दर रुळाच्या लांबीला ते जोड समजून आखूड पडत होते. गंमत अशी, की मुकादमाला स्वतःलाही हे ठाऊक नव्हते. आपण सरळ चालतो असेच तो समजत होता आणि बाकीच्यांची चाल त्याला चुकीची वाटत होती.

हवालदारांनी बांबू खाली ठेवला. मुकादमाला परत मागे जायला लावले आणि पुन्हा चालायला लावले. मग ते एका रुळावर बसले आणि हसले. मी त्यांना तसे हसताना आधी पाहिले नव्हते.

"अन मी तुले दारुडा समजत होतो बे," ते म्हणाले.

एकमेकांना अहो-जाहो करणारी ही दोन माणसे त्या दिवसापासून अरे-तुरेवर आली.

आता प्रश्न सुटला असे मला वाटले होते. तो सुटला नव्हता. हवालदारांनी मुकादमाला पुन्हा रांगेत घेतले आणि नजर वर ठेवायला शिकवले. खाली बघितले नाही तर जोड आठवणार नाहीत, असा त्यांचा हिशेब. मुकादमाने नजर वर केली आणि त्याची चाल आणखी बिघडली. पाण्यात उतरणाऱ्या माणसासारखा तो पायाने जमीन चाचपू लागला. "रुळावर वर पाहून चालणारा मानूस एकच दिवस चालते," तो म्हणाला. दोन सकाळी अशा गेल्यावर हवालदारांनी नाद सोडला. पण मुकादमाला सोडले नाही. ते त्या संध्याकाळी माझ्याकडे आले आणि कार्यक्रमाच्या कागदावर एक ओळ वाढवायला सांगितली: पायदळाच्या रांगांनंतर, थोडे अंतर सोडून, रेल्वे कंपनी.

मी विचारले, की एका माणसाची कंपनी कशी होईल. त्यांचे उत्तर असे: फौजेत सगळ्यांची चाल एक नसते. रायफलवाल्या काही पलटणी आमच्यापेक्षा भरभर चालतात, त्यांना आमच्यात मिसळले तर आमचीही परेड बिघडेल आणि त्यांचीही. म्हणून त्यांना वेगळे चालवतात. त्यांना कोणी चुकीचे म्हणत नाही. रूळवाल्यांची चाल वेगळी असेल तर तेही वेगळे चालतील. मात्र रांग तिघांची पाहिजे. तीन माणसे हवीत आणि तिघेही त्या कंपनीतले हवेत.

दुसरा माणूस स्टेशनावरच होता. गाड्यांसाठी सांधे बदलणारा आमचा पॉइंटमन त्याच कंपनीत होता, नंतर रेल्वेत आला होता. थट्टेखोर माणूस. पहिल्या दिवशी मैदानावर येऊन त्याने हवालदारांना सांगितले, की सिग्नल द्या तर निघतो, लाल असेल तर जागचा हलणार नाही. त्याच्या बायकोला त्याच्या फौजेबद्दल शंका नव्हती. ती म्हणे, हा माणूस कुठेही गेला असेल, मला झोप तरी नीट लागली.

तिसऱ्याचे नाव मुकादमाने सांगितले तेव्हा आम्हाला नवल वाटले, कारण त्याला गावात कोणी त्या बाजूने पाहिलेच नव्हते. नाल्याकाठी ज्याचा भाजीचा मळा होता आणि ज्याच्याकडून सगळे गाव वांगी, मेथी आणि मुळे घेई, तो माळी. तो मूळचा लोणारकडच्या सुलतानपूरचा. सासऱ्याला मुलगा नव्हता म्हणून इकडे येऊन जमीन करत होता. सुलतानपूरच्या बाजूला तेव्हा रेल्वे नव्हती. भरतीच्या वेळी खामगावला गेला, टेबलावरच्या साहेबाने उंची-छाती पाहून रेल्वे कंपनीत घातला. "मी गाडीत बसायच्या आधी रूळ टाकायला शिकलो," असे तो सांगे. लढाईनंतर त्याने रुळाचे काम पुन्हा केले नाही. स्टेशनावर भाजी द्यायला येई तोही बैलगाडीच्या वाटेने. फौजेचा विषय त्याने स्वतःहून कधी काढला नव्हता. मुकादमाने घरी कधी त्याचा दाखला दिला, तर बायको म्हणे, त्याले काय इचारता, थो आमच्या घरचा च्या पेते, आमच्या बाजूनंच बोलनार.

हवालदारांना तो पटत नव्हता. आधी त्यांनी त्याला पायदळाच्या रांगेत चालवून पाहिले. तो सरळ, एकसारखा चालला, पाऊल कुठेही आखूड नाही. हवालदार मुकादमाला म्हणाले, हा माझ्याच रांगेत बरा, तुझ्याजवळ काय कामाचा.

"मले त्याच्या बाजूनं उभा राहू दे," मुकादम म्हणाला.

ते तिघे एका ओळीत उभे राहिले. मुकादम मधे, एका बाजूला पॉइंटमन, दुसऱ्या बाजूला माळी. ढोल वाजू लागला. जिथे मुकादमाचे पाऊल आखूड पडले, तिथे तिघांचेही पडले. पुढच्या जोडाला पुन्हा. माळ्याने खाली पाहिले नव्हते, बाजूला पाहिले नव्हते. आताच सरळ चालत होता तो हाच माणूस होता, आणि मैदानाच्या त्या टोकापर्यंत तिघांत सुईएवढी फट पडली नाही.

हवालदारांनी माळ्याला विचारले, हे आत्ता कुठून आले. माळी जरा लाजला. मग त्याने रूळ कसा नेत ते सांगितले. एका रुळाला दोन्ही बाजूंनी माणसे लागत, जोडीजोडीने, लोखंडी चिमट्यांत रूळ धरून. तो उचलायचा आणि टाकलेल्या स्लीपरांवरून पुढच्या टोकापर्यंत न्यायचा. एकाचे पाऊल चुकले की त्याचा भार शेजाऱ्यावर जाई आणि शेजारी बसला की रूळ पायांवर येई.

"शेजारच्याचा पाय बघायचा नसतो," तो म्हणाला. "हातालाच कळतंय. मला यांच्या बाजूला उभं केलं अन हाताला वजन आलं."

हवालदारांनी त्या तिघांचा सराव तिथेच थांबवला. त्यांना शिकवण्यासारखे काही नाही, असे ते नंतर मला म्हणाले. फक्त सलामी शिकवली, ती तिघेही विसरले होते.

राहिला प्रश्न मुकादमाच्या बायकोचा. तिला संचलनाचे निमंत्रण मुकादमाने स्वतः दिले. तिने सांगितले, की शेतात मजुरीने तुरी सोंगायच्या आहेत. भुसावळची फौज मी रोज घरबसल्या पाहते, तिच्यासाठी मजुरी बुडवायची गरज नाही. मुकादमाने आग्रह केला नाही. तो त्या आठवड्यात कमी बोलत होता. गँगच्या माणसांनी सांगितले, की चावी ठोकताना मुकादम दोनदा चुकला. पण नात हायस्कूलच्या लेझीम पथकात होती. तिने आजीला सांगितले, की तू नाही आली तर मी लेझीम हाती धरत नाही. तुरी एक दिवस थांबल्या.

सव्वीस जानेवारीला सकाळी थंडी होती आणि झेंड्याला वारा नव्हता. पंचायत समितीचे सभापती पाहुणे होते. पंचायत समित्या नव्याच होत्या आणि सभापतींना कुठे उभे राहायचे हे हेडमास्तर हाताने दाखवत होते. लेझीम झाले, भाषण झाले. बाया मैदानाच्या एका कडेला, लिंबाच्या सावलीत बसल्या होत्या. मुकादमाची बायको माझ्या आईच्या शेजारी होती. मी पाहुण्यांच्या टेबलाजवळ होतो. बायांमधले बोलणे मला ऐकू येण्यासारखे नव्हते. ते आईने त्याच दुपारी सांगितले आणि नंतरही अनेकदा, एक शब्द न बदलता.

पायदळाच्या रांगा आल्या. त्या चांगल्या चालल्या. आदल्या आठवड्यात कुरकुरणारा नायक सर्वांत ताठ होता. टाळ्या झाल्या. मग मोकळी जागा आली आणि तिच्यामागे ते तिघे. गणवेश कोणाकडेच नव्हता. मुकादम पांढऱ्या सदऱ्यात, छातीवर पदक. पॉइंटमन रेल्वेच्या निळ्या कपड्यांत. माळी धोतर-कोटात, डोक्याला पटका. पोरे खिदळली. वांगेवाला परेड करतो, असे कोणी तरी मोठ्याने म्हणाले.

पहिले आखूड पाऊल पडले तेव्हा लोकांना वाटले, ठेच लागली. दुसरे पडले तेव्हा काही लोक हसले. तिसऱ्या वेळेला हसू कमी झाले, कारण एव्हाना सगळ्यांच्या ध्यानात आले होते, की हे तिघांचे एकदम होते आणि ठरावीक जागी होते. काही माणसे पुढचे कुठे पडेल ते पाहू लागली. ते तिथेच पडले. सभापतींनी हेडमास्तरांना हळूच विचारले, की हा कोणता प्रकार. हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिले आणि मी सांगितले, रेल्वे कंपनी. सभापतींनी मान डोलावली, जणू त्यांना ते माहीत होते.

टेबलासमोर येताच हवालदारांनी हाक दिली. तिघांच्या माना एकदम वळल्या, हात वर गेले. तिथे एक जोड आला. सलामीचा हात कपाळावर असताना तिघांचे पाऊल आखूड पडले आणि हात हलला नाही.

लिंबाखाली, आईने सांगितले त्याप्रमाणे, मुकादमाची बायको सुरुवातीला नातीची वेणी बांधत होती. तिघे आले तेव्हा तिने मान वर केली. नवऱ्याची ती चाल तिच्या ओळखीची होती. आखूड पाऊल ती रोज पाहत होती आणि ते त्याच्या पायातल्या दोषामुळे आहे असे समजत होती. ती नवऱ्याकडे पाहतच नव्हती, आई म्हणाली. ती माळ्याकडे पाहत होती. तिघे टेबल ओलांडून पलीकडे जाईपर्यंत पाहत होती. मग तिने आईला विचारले,

"थो माळी कधी रेल्वेत होता व?"

आईने सांगितले, नाही. तो इकडे आल्यापासून भाजीच लावतो.

"आपून रोज वांगे घेतो त्याच्यापाशी. थो असा चालत नाही."

मग ती स्वतःशीच म्हणाली,

"मंग हे त्याले कोनं शिकवलं? आमच्या यायच्या बाजूनं चालला म्हनून तसा चालला. म्हंजे यायच्या बाजूनं चाललेला आहे थो, कुठंतरी." नातीच्या वेणीला गाठ मारायची राहिली होती, ती तिने मारली. मग म्हणाली, "म्हंजे लय दूर गेले होते हे."

शेजारच्या एकीने जुनी थट्टा पुढे चालवायला म्हणून भुसावळचे नाव काढले. मुकादमाच्या बायकोने तिला सांगितले, की बाई, भुसावळले माळी वांगे विकाले गेलता काय? त्यानंतर तो विषय बायांत निघाला नाही.

कार्यक्रम संपल्यावर चहा आणि चिवडा होता. माजी सैनिकांचा एक गट मैदानाच्या मधोमध उभा होता. त्यात पॉइंटमन बोलत होता आणि नायक ऐकत होता. माळी चहा घेऊन लगेच गेला. मळ्यात पाणी सोडायचे होते. मी बातमी लिहिली. ती पुढे एका ओळीत छापून आली, माजी सैनिकांनी संचलन केले एवढीच, आणि ती तेवढीच योग्य होती. जागा कमी होती आणि सरहद्दीच्या बातम्या फार होत्या.

बातमीचे पाकीट पॅसेंजरला टाकायला मी स्टेशनाकडे निघालो. हायस्कूलच्या फाटकापाशी मुकादमाची बायको उभी होती. बाया आपापल्या घोळक्याने केव्हाच गेल्या होत्या, नातही मैत्रिणींबरोबर गेली होती. मुकादम बाहेर आला. पदक त्याने काढून खिशात ठेवले होते. तिला पाहून तो थांबला. ती चालू लागली, तोही चालू लागला. माझा रस्ता तोच होता. मी काही अंतरावर मागे होतो.

जिनिंग कारखान्याच्या भिंतीपाशी ती म्हणाली, "तिथं प्याले पानी कसं भेटे?"

मुकादम म्हणाला, "पानी गाडीनं ये."

"कोन्या गाडीनं? रूळ तं तुमीच टाकत होते ना?"

मुकादम हसला. त्याने हाताने हवेत एक रेघ ओढली आणि सांगू लागला, की काल जिथवर रूळ टाकले तिथवर पाण्याची गाडी येई, पुढे जायचे ते पायी, मशका भरून. ती विचारत होती, पाणी खारे होते का, भाकर कशाची, ज्वारी नव्हतीच तर पोट कसे भरे, रात्री वाळू थंड पडे म्हणतात ते खरे का. तो एकेक सांगत होता. मधेच तिने त्याला थांबवले आणि खजुराचे झाड केवढे असते ते विचारले. त्याने रस्त्याच्या कडेच्या बाभळीकडे बोट दाखवले, मग नाही नाही म्हणत हात आणखी वर नेला.

क्वार्टरकडे वळणारी पायवाट आली, तेव्हा त्यांचे बोलणे अजून बसऱ्याच्या पुढे फारसे गेलेले नव्हते. घरी स्वयंपाक व्हायचा होता. ती दोघे वळली नाहीत. तशीच बोलत पुढे गेली, रेल्वेच्या गेटापर्यंत.